आनेकलच्या मेगरची साक्ष

मित्रांनो, माझ्या बोलण्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मीही कोणाच्या बोलण्यावर ठेवत नाही. शंका घेणे हेच माझे काम आहे, आणि गेली सत्तेचाळीस वर्षे मी ते प्रामाणिकपणे करत आलो आहे.

मी हाताने फिरवायचा एक मेगर आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. जाड काळी पेटी, वर काच, काचेखाली सुई आणि उजव्या बाजूला दुमडणारे हँडल, असे माझे रूप. हँडल जोरात फिरवले की माझ्या पोटात पाचशे व्होल्टची वीज तयार होते. माझ्या दोन वायरींपैकी एक तांब्याच्या तारेला लावतात आणि दुसरी यंत्राच्या लोखंडाला. तारेवरचे आवरण धड असेल तर माझी वीज पलीकडे जाऊ शकत नाही आणि सुई वर चढते. आवरणातून वीज झिरपत असेल तर सुई शून्याकडे घसरते. मला एवढेच येते.

माझी पहिली वीस-बावीस वर्षे बेंगळुरूच्या एका कापड गिरणीत गेली. गिरणी बंद पडली तेव्हा मोडक्या खुर्च्या आणि पट्ट्यांच्या ढिगाबरोबर मी यशवंतपूरच्या जुन्या बाजारात येऊन पडलो. तिथे कृष्णाजींनी मला उचलले. त्यांनी माझ्या वायरी एकमेकींना लावून हँडल फिरवले, मग वायरी वेगळ्या करून फिरवले, मग पुन्हा एकदा दोन्ही करून पाहिले. बाजारवाला वैतागला. पण शंका घेऊन मला घेणारा माणूस मला आवडला.

कृष्णाजींचे घराणे कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूचे. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात निम्मे कन्नड असते. कारखान्यात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. आनेकलच्या रस्त्यावर त्यांचा छोटा कारखाना आहे आणि तिथे जहाजांसाठी ट्रान्सफॉर्मर बनतात. समुद्रापासून इतक्या लांब, पठारावरच्या गावात जहाजाचे सामान बनते हे ऐकून मलाही सुरुवातीला खोटेच वाटले होते.

जहाजावरचा ट्रान्सफॉर्मर तुमच्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरसारखा नसतो. त्यात तेल भरत नाहीत, कारण समुद्रात आग लागली तर पळायला जागा नसते. त्याला रात्रंदिवस इंजिनाचे हादरे बसतात. खारी, ओली हवा त्याच्या फटीफटीत शिरू पाहते. म्हणून त्याची कॉइल, म्हणजे तारेचा गुंडाळा, एका मोठ्या बंद टाकीत ठेवतात. पंपाने टाकीतली हवा काढून घेतात आणि मग आत व्हार्निश सोडतात. हवा नसल्यामुळे व्हार्निश तारेच्या प्रत्येक वेढ्यात शिरते. नंतर भट्टीत भाजून ते कडक करतात. हवा नीट निघाली नाही तर व्हार्निश वरवरच बसते आणि आतल्या फटी तशाच राहतात. अशा कॉइलवर माझा कधीच विश्वास नसतो.

टाकीचे काम भीमसेनकडे होते. तो अथणीकडचा, अठरा वर्षांपासून इथे. बोलायला कमी. तपासणीच्या खोलीत अनुसूया होती, निपाणीची. तिच्या खांद्याला मी चामड्याच्या पिशवीत लटकत असे. कारखान्यात सगळीकडे कन्नड चाले, पण ही माणसे एकमेकांशी मराठीत बोलत. अनुसूया माझे हँडल मोजून एक मिनिट फिरवी, ना कमी ना जास्त. तिच्या हाताला घट्टे पडले, पण तिने कधी घाई केली नाही. एकदा जहाजांची तपासणी करणारा एक म्हातारा सर्व्हेयर आला होता. तो म्हणाला होता, "या बाईंनी लिहिलेला आकडा मी पुन्हा मोजत नाही." मला तेव्हा फार अभिमान वाटला. आता सांगायला संकोच वाटतो, पण वाटला होता.

मग तीन वर्षांपूर्वी प्रियदर्शनी आली. ती पुण्याची इंजिनिअर, सर्जापूर रोडवर राहते. गुणवत्तेची सगळी जबाबदारी तिच्यावर आली. तिच्याबरोबर एक पिवळा डिजिटल मीटर आला. त्याला हँडल नाही, सुई नाही. बटण दाबले की आकडा येतो आणि तो आपोआप रिपोर्टमध्ये जातो. मी फळीवर गेलो. त्या पिवळ्या मीटरकडे मी कायम संशयाने बघत असे. इतक्या पटकन उत्तर देणारा काहीतरी लपवत असणार, असे मला वाटे. पण अनुसूया माल खोक्यात भरायच्या आधी मला खाली काढून एकदा फिरवायचीच. कागदावर त्याची नोंद नसे. ती तिची सवय होती.

यंदाच्या जुलैमध्ये आमच्याकडे दोन ट्रान्सफॉर्मरचे काम आले. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गोदीत प्रवासी बोट बांधून होत होती. बेटांवर माणसे नेणारी बोट, दीडशे उतारूंची. तिचे दिवे आणि पाणी उपसणारे पंप या दोन ट्रान्सफॉर्मरवर चालणार होते. पहिला तयार झाला, भट्टीतून निघाला, पिवळ्या मीटरवर आठशे मेगोह्म, म्हणजे आवरण अगदी धड, असे दाखवून दुसऱ्याच दिवशी रवाना झाला. अनुसूया तेव्हा रजेवर होती, त्यामुळे मी त्याला पाहिलेच नाही. दुसऱ्यानेही सोमवारी आठशे दाखवले. पण खोके बनवणारा सुतार गावी गेला होता, म्हणून तो चार दिवस दाराजवळ उभा राहिला. बाहेर सारखी झिमझिम चालू होती.

शुक्रवारी सुतार आला. अनुसूयाने नेहमीप्रमाणे मला खाली काढले, वायरी लावल्या आणि हँडल फिरवले. माझी सुई वर चढली नाही. ती चारवर थांबली.

अनुसूयाने वायरी पुसल्या, पुन्हा लावल्या. पुन्हा चार.

ती उठून बाहेर गेली आणि कृष्णाजींना घेऊन आली. "अण्णा, ह्यो पाठवू नका. चारच दाखवायलाय."

प्रियदर्शनीही मागोमाग आली. "अनुसूयाताई, तो मेगर किती जुना आहे! सोमवारी माझ्या मीटरवर आठशे आले होते. रिपोर्टसुद्धा गेला."

"सोमवारचं सोमवारी. मी आजचं सांगायलेय."

मी वैतागलो. सत्तेचाळीस वर्षांत माझ्या खरेपणावर असे कोणी बोलले नव्हते. पण प्रियदर्शनी हट्टी नाही. तिने आपला पिवळा मीटर आणला, बटण दाबले आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. पाच. मी आणि तो पहिल्यांदाच एका बाजूला आलो होतो.

मित्रांनो, मी खरा ठरलो म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण खोलीतली हवा बदलली. आता मीटरवर शंका घ्यायला जागा उरली नव्हती, तेव्हा सगळे माणसांकडे बघू लागले.

"व्हार्निश आत गेलेलं नाही, फटीत दमट हवा शिरलीय," कृष्णाजी म्हणाले. "टाकीत चार तास ठेवायचं असतं. ठेवलं होतं का?"

"लॉगमध्ये चार तास लिहिलंय," प्रियदर्शनी म्हणाली. "पण लिहिणारा भीमसेनच आहे."

मग अनुसूया हळूच म्हणाली, "त्या दिवशी तो मधीच बाहेर गेला होता. मी बघितलं."

भीमसेनला बोलावले. तो हात पुसत दारात उभा राहिला. कृष्णाजींनी त्याला बसायलाही सांगितले नाही.

"त्या दिवशी टाकी सोडून कुठं गेला होतास?"

भीमसेनने एकदा अनुसूयाकडे पाहिले. मग म्हणाला, "टाकीच्या गेजची सुई बघूनच उठलो होतो अण्णा. सत्तावीसवर होती, म्हणजे हवा पुरती निघाली होती. पंपाचा आवाज बदललाय म्हणून मी तुम्हाला महिन्यामागं सांगितलं होतं."

"आणि मी सुई बघायला सांगितलं होतं. सुई ठीक होती ना? मग आता पंपाचं नाव कशाला सांगतोस?"

कृष्णाजींनी त्याला दोष कोणाचा ते ठरेपर्यंत घरी बसायला सांगितले. त्याने जागेवरचा डबा उचलला आणि गेला. अठरा वर्षांच्या माणसाला घरी पाठवायला पाच मिनिटे लागली. खरे सांगायचे तर मलाही तेव्हा तोच दोषी वाटला. कमी बोलणाऱ्या माणसाचा मला नेहमीच संशय येतो.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. प्रियदर्शनी प्रत्येक गोष्टीचे फोटो काढू लागली, चहाच्या वेळी कोण कुठे आहे याचेसुद्धा. तारा गुंडाळणारे कारागीर तिला पाहून बोलणे थांबवत. व्हार्निशच्या डब्यांना कुलूप लागले. भीमसेनने मुद्दाम केले, दुसऱ्या कारखान्याशी त्याचे बोलणे चालू आहे, असे कोणीतरी म्हणाले आणि दुपारपर्यंत ते सगळ्यांना ठाऊक झाले. अनुसूया जेवताना एकटी बसू लागली. मी फळीवरून सगळ्यांकडे बघत होतो आणि मला एकही चेहरा सरळ वाटत नव्हता.

कृष्णाजींनी ठरवले की काम पुन्हा करायचे आणि या वेळी स्वतः करायचे. त्यांनी कॉइल भट्टीत वाळवली, टाकीत ठेवली, झाकण आवळले आणि पंप चालू केला. टाकीच्या खोलीत व्हार्निशचा उग्र वास असतो, म्हणून हवा किती निघाली ते दाखवणारे गेज भिंतीच्या अलीकडे, पॅनेलवर लावलेले आहे. कृष्णाजी खुर्ची घेऊन त्या गेजसमोर बसले. सुई सत्तावीसवर होती. चार तास ते जागचे हलले नाहीत. चहासुद्धा तिथेच घेतला. मग कॉइल भट्टीत गेली आणि सोमवारी पिवळ्या मीटरने आठशेवीस दाखवले.

"बघितलंत?" कृष्णाजी म्हणाले. "चार तास म्हणजे चार तास. आज खोक्यात भरा."

अनुसूया खोक्यापुढे उभी राहिली. "स्वल्प थांबा अण्णा. मागच्या खेपेलाबी सोमवारी आठशेच होतं. पाच दिवस असंच दाराशी राहू दे."

"पुढच्या बुधवारी बोट पाण्यात चाचणीला जाणार आहे."

"शनवारी भरलं तरी बुधवारच्या आधी पोचतंय की."

मला वाटले होते कृष्णाजी ऐकणार नाहीत. त्यांनी ऐकले, पण मनापासून नव्हे. जाताना प्रियदर्शनीला म्हणाले, "भीमसेनचं आणि हिचं गाव जवळजवळचं. त्याला वाचवायला बघते ही." अनुसूयाने ते ऐकले. माझ्या पिशवीचा पट्टा तिने घट्ट धरला.

शनिवारी सकाळी भीमसेन सोडून बाकीचे तिघे त्या ट्रान्सफॉर्मरभोवती उभे होते. अनुसूयाने हँडल फिरवले. सुई सहावर थांबली.

कृष्णाजी खाली वाकून माझ्या काचेकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा मी इतक्या जवळून यशवंतपूरच्या बाजारानंतर पाहिला नव्हता. या वेळी टाकीसमोर भीमसेन नव्हता. ते स्वतः होते.

"मी उठलो नव्हतो," ते म्हणाले. जणू त्यांच्यावरच कोणी आरोप केला होता.

"न्हाई उठला. आम्ही बघितलंय," अनुसूया म्हणाली. मग ती मला खांद्याला लावून तशीच टाकीच्या खोलीकडे चालू लागली. टाकी रिकामी होती, झाकण वर केलेले होते, पंप बंद होता. तिने झाकणाच्या रबरावरून बोट फिरवले. एका जागी रबर फाटले होते, नखाएवढे. मग ती भिंतीच्या अलीकडे आली आणि गेजसमोर थांबली.

टाकी उघडी होती आणि गेजची सुई सत्तावीसवर होती.

"मॅडम," तिने हाक मारली. "जरा हिकडं या."

प्रियदर्शनीने काचेवर टिचकी मारली. सुई हलली नाही. तिने पान्याने गेज सोडवले. त्याच्या मागची बारीक नळी व्हार्निशने भरून दगडासारखी कडक झाली होती. मागे कधीतरी टाकीतली हवा निघाली होती तेव्हाच नळी तुंबली आणि सुई तिथेच अडकून राहिली. रबर फाटल्यामुळे नंतर हवा पुरती निघतच नव्हती, म्हणूनच पंपाचा आवाज बदलला होता. पण पंप चालू असतानाच सगळे गेजकडे बघत, आणि पंप चालू असताना सत्तावीस बघून समाधान मानत.

प्रियदर्शनीने टाकीच्या लॉगला जोडलेले गेजचे फोटो फोनवर उघडून पाहिले. जून महिन्याच्या शेवटापासून प्रत्येक फोटोत सुई एकाच जागी, केसाचाही फरक नाही. त्या दिवसांत टाकीत दोनच ट्रान्सफॉर्मर गेले होते. आमच्यासमोरचा एक, आणि बोटीत बसलेला दुसरा.

गेजच्या पाठीवर तपासणीची चिठ्ठी होती. तारीख जूनचीच होती आणि सही प्रियदर्शनीची.

"मी हे सोडवून लॅबला पाठवलंच नव्हतं," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "टाकी एक दिवस बंद ठेवावी लागली असती. सर, तुम्ही म्हणालात टाकी थांबवू नका. मला वाटलं, दरवर्षी बरोबर असतं, तर..."

"मीच म्हणालो होतो," कृष्णाजी म्हणाले.

आता प्रश्न बोटीचा होता. कृष्णाजी ऑफिसात जाऊन बसले. फोन टेबलावर होता, त्याला ते हात लावत नव्हते. अनुसूया दारात उभी होती आणि मी तिच्या खांद्याला. मला खात्री होती की ते फोन करणार नाहीत. सांगितले तर गोदीतले लोक पुन्हा कधी या कारखान्याचे नाव घेणार नाहीत. न सांगितले तर कदाचित काहीच होणार नाही, किंवा झाले तरी ते कोणत्या ट्रान्सफॉर्मरमुळे झाले हे समुद्रात कोण शोधत बसतो? अशी कारणे माणसांना पटकन सुचतात. मी ती त्यांच्या चेहऱ्यावर वाचत होतो.

"अण्णा," अनुसूया म्हणाली, "तुम्ही करतासा का मी करू?"

"ते उरलेलं कामसुद्धा काढून घेतील अक्का."

"घेऊ द्या. दीडशे माणसं बसणार हाईत त्यात."

कृष्णाजींनी तिच्याकडे बघितले. मग फोन उचलला. ते उभे राहून बोलले, थोडक्यात बोलले. "आमची चूक आहे. आज मोजून बघा. आकडा काही आला तरी तो ट्रान्सफॉर्मर वापरू नका." मग सगळे वाट बघत राहिले. तासाभराने गोदीतल्या इलेक्ट्रिशियनचा फोन आला. कृष्णाजींनी तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"सर, एक मेगोह्मपण पूर्ण होत नाही. अर्ध्यावर आहे."

समुद्राच्या काठावर तीन आठवडे राहिल्यावर माझ्या न पाहिलेल्या त्या ट्रान्सफॉर्मरची ही गत झाली होती. मित्रांनो, त्या दिवशी मी कृष्णाजींविषयी चुकलो. भीमसेनविषयीही चुकलो होतो. एका महिन्यात दोनदा चुकणे माझ्यासारख्याला शोभत नाही, पण लपवूनही ठेवता येत नाही.

बोटीची चाचणी पुढे गेली. सोमवारी कृष्णाजींनी भीमसेनला बोलावून घेतले. या वेळी तपासणीच्या खोलीत खुर्ची आधीच ठेवलेली होती, पण तो बसला नाही. कृष्णाजींनी सगळ्या कारागिरांसमोर सांगितले की दोष त्याचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता, आणि त्यांनी हात जोडले.

भीमसेनने नजर खाली ठेवली. "गेज बिघडलेलं मलाबी कळलं न्हाई अण्णा. मीबी त्याच्यावरच भरवसा ठेवला. तेवढं माझंबी चुकलं." मग थोडे थांबून म्हणाला, "पण माझ्यावर शंका घ्यायला तुम्हाला पाच मिनिटं लागली. गेजवर घ्यायला पंधरा दिवस."



बोटीचे दोन्ही ट्रान्सफॉर्मर मात्र भीमसेननेच केले. जुन्या कॉइल काढून नव्या गुंडाळल्या, टाकीला नवे रबर बसले, पॅनेलवर नवे गेज आले. पंप चालू करण्याआधी तो प्रत्येक वेळी सुई शून्यावर आहे ना हे बघून येई. दोन्ही ट्रान्सफॉर्मर आठ दिवस दाराशी, दमट हवेत उभे राहिले. मग अनुसूयाने मला लावले. माझी सुई वर चढली आणि चढतच गेली. दोघांच्याही वेळी ती शेवटच्या खुणेला जाऊन टेकली. प्रियदर्शनीने तो आकडा रिपोर्टमध्ये आपल्या हाताने लिहिला आणि खाली माझे नाव घातले.

माल रवाना झाला त्या दुपारी भीमसेन तपासणीच्या खोलीत आला. महिनाअखेरीस तो काम सोडणार होता, हे सगळ्यांना माहीत होते. अनुसूया माझ्या वायरी गुंडाळत होती.

"अक्का," तो म्हणाला, "मी बाहेर गेल्याचं तुम्हीच सांगितलं होतंत न्हवं?"

अनुसूयाचे हात थांबले. "होय. मीच."

"खरंच होतं ते. गावाकडनं फोन आला होता. दहा मिनिटं गेलो होतो."

"दहा मिनिटंच गेलास ते मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मी दहा मिनिटं म्हटलं न्हाई. नुसतं बाहेर गेला होता म्हटलं."

मग भीमसेनने मान हलवली आणि "येतो अक्का" म्हणून तो निघून गेला. तिने माझी पिशवी बंद केली, पण मला फळीवर ठेवले नाही. संध्याकाळची बस येईपर्यंत ती मला मांडीवर घेऊन बसून होती.

मित्रांनो, आता तुम्हाला एक विनंती. माझ्यासारखी जुनी यंत्रे फळीवर पडलेली दिसली तर त्यांना पुसून ठेवा, अधूनमधून वापरा, आणि ती काही सांगू लागली तर ऐका. पण आम्ही किती सांगू शकतो हेही ओळखा. माझी सुई एवढेच सांगते की वीज कुठेतरी झिरपते आहे. कोणामुळे झिरपते, हे तिला कधीच माहीत नसते. माणसाचे नाव घेण्याआधी उठा, टाकीपर्यंत चालत जा आणि झाकण उघडून बघा. आणि कोणाविषयी सांगायचेच असेल, तर जेवढे माहीत असेल तेवढे सगळे सांगा, दहा मिनिटांसकट.